रेडिएटरमध्ये पाणी ओतू नका: एडमंटनला नव्याने आलेल्यांसाठी

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात इथे कॅनडात एडमंटनला नवी मराठी मंडळी येतात आणि महिन्याभरात जुनी गाडी शोधायला लागतात. शोधावीच लागते, कारण जानेवारीत बसस्टॉपवर लहान मुलाला घेऊन उभं राहणं कोणाच्याही जिवावर येतं. गाडी घेतली जाते उन्हाळ्यात आणि तिची परीक्षा होते नोव्हेंबरात. विम्याबद्दल आणि विंटर टायरबद्दल सांगणारे भरपूर भेटतील. कुलंट (इंजिन गार ठेवणारं आणि थंडीत सहज न गोठणारं द्रव) आणि हीटरबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिनात तापलेलं कुलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्याला हीटर कोअर म्हणतात. पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि तीच गरम हवा तुम्हाला मिळते. म्हणजे हीटर नीट चालत नसेल, तर बऱ्याचदा दुखणं इंजिनाच्या कुलंटचं असतं. आपल्याकडे हीटरचं बटण कोणी वर्षानुवर्षं दाबत नाही, त्यामुळे हीटर बिघडला तर नवखा माणूस जाड जॅकेट घालून तशीच गाडी चालवतो. तसं करू नका. तो इशारा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कसारा घाट चढताना गाडी गरम झाली की बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. ती सवय विमानतळावरच सोडून या. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, आणि इंजिन ब्लॉकमध्ये फुगायला जागा नसते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने ऑगस्टमध्ये सेडान घेतली. कुलंटची पातळी थोडी थोडी उतरायची, आणि तो दर आठवड्याला नळाचं पाणी घालायचा. गाडी मस्त चालायची. पहिल्या उणे पंचवीसच्या रात्रीनंतर सकाळी त्याने चावी फिरवली, तर बेल्ट किंचाळायला लागला आणि जळक्या रबराचा वास सुटला. आत बर्फ होऊन कुलंट फिरवणारा वॉटर पंप जाम झाला होता. ब्लॉकला बाहेरून दिसेल अशी चीर पडली होती, बोट फिरवलं की लागायची. इंजिन बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून गाडी भंगारात गेली. तेव्हापासून मी हाच प्रकार वेगवेगळ्या गाड्यांच्या बाबतीत बघत आलोय. ऐन रस्त्यात पाणी घालायची वेळ आलीच, तर त्याच दिवशी गॅरेजमध्ये जाऊन ते काढून कुलंट भरून घ्या. उद्यावर टाकू नका.

अर्धं कुलंट आणि अर्धं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. एडमंटनला बहुतेक दिवस ते पुरतं, पण सगळे दिवस नाही. जानेवारी २०२४ च्या थंडीत पारा उणे ४० च्या खाली गेला होता, आणि १३ तारखेला संध्याकाळी वीज जपून वापरा असा सरकारी इशारा सगळ्यांच्या मोबाईलवर वाजला होता. म्हणून मी साठ टक्के कुलंट ठेवतो. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, असा हिशोब मात्र लावू नका. नुसतं शुद्ध कुलंट उणे १३ च्या आसपासच गोठायला लागतं, सत्तर टक्क्यांच्या वर जायचंच नाही. दुकानात दोन प्रकारचे कॅन शेजारी शेजारी असतात, आधीच मिसळलेलं आणि शुद्ध. लेबल वाचून घ्या. शुद्धमध्ये मिसळायला नळाचं पाणी न घेता डिस्टिल्ड वॉटर घ्या. रंग बघून कुलंट निवडू नका, गाडीच्या मॅन्युअलमध्ये कोणतं लिहिलंय ते बघा, कारण एकाच रंगात वेगवेगळी रसायनं मिळतात. मिश्रण किती थंडी सोसेल हे सांगणारा टेस्टर वीस डॉलरच्या आत मिळतो. ऑक्टोबरात एकदा तपासा, आणि गाडी विकत घेताना तो खिशात ठेवा.

गाडी बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या, किंवा गाडीच सोडून द्या. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. कुलंट स्वच्छ आणि रंगीत हवं. गढूळ तपकिरी असेल, गंजाचा चिखल दिसत असेल किंवा चमचमणारे कण तरंगत असतील, तर कोणीतरी गळती बुजवायचं औषध ओतलेलं असू शकतं. ते औषध गळती चार दिवस थांबवतं आणि हीटर कोअरच्या बारीक नळ्या कायमच्या बुजवतं. मग गाडी सुरू करा, आणि जुलै असला तरी हीटर पूर्ण गरमवर लावून वीस मिनिटं चालवा. विकणारा हसेल, हसू द्या. अल्बर्टात डीलरला गाडीबरोबर मेकॅनिकल फिटनेस असेसमेंट, म्हणजे गाडीच्या तपासणीचा लेखी अहवाल, द्यावा लागतो. खासगी विक्रीत तसं काही मिळत नाही, म्हणून शंभर-दोनशे डॉलर देऊन आपल्या पसंतीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. गाडीचा इतिहास सांगणाऱ्या कारफॅक्सच्या रिपोर्टमध्ये अपघात दिसतात, कुलंट दिसत नाही.

इथे आपल्याच लोकांबद्दल थोडं बोलतो. "आपल्या माणसाची गाडी आहे, तपासायचं काय" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. देणारा बहुधा प्रामाणिकच असतो, पण त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडीचं दुखणं विचारलं की दहा जण "काही होत नाही, चालव" म्हणतात. त्यातल्या किती जणांनी बोनेट उघडलंय, ते बघा. त्या मानाने इथले छोटे मेकॅनिक मला सरळ वाटतात. मागितला तर जुना पार्ट परत देतात आणि काम करायच्या आधी आकडा सांगतात. मजुरी महाग आहे, म्हणून दुखणं नेमकं कुठे आहे याचा अंदाज घेऊन गेलात तर पैसे वाचतात.

गाडी चालताना हीटर गरम आणि सिग्नलला थांबलं की गार, असं होत असेल तर कुलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज आला की खात्रीच. पातळी कुलंटच्या टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवी, आणि ती इंजिन थंड असतानाच बघायची. नुसतं भरून भागत नाही, गेलं कुठे ते शोधावं लागतं.

डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमी खालीच राहतो, हायवेवर तर आणखी उतरतो आणि हवा कोमट येते, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय. बरेच जण काटा खाली आहे म्हणून खूश होतात. इंजिन गार चालणं हेही नुकसानच असतं, पेट्रोल जास्त जातं. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा साधा स्कॅनर लावलात तर पी०१२८ हा कोड दिसतो. पार्ट स्वस्त आहे, लगेच बदला. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावून हिवाळा काढू नका.

काटा मध्यावर आहे आणि तरी हवा गार? बोनेट उघडून हीटरकडे जाणारे दोन होज पाईप सांभाळून चाचपा. रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवा, इंजिन बंद असलं तरी तो अचानक सुरू होऊ शकतो. दोन्ही पाईप गरम असतील तर बिघाड डॅशबोर्डमधल्या, गरम-गार हवा वळवणाऱ्या फ्लॅपचा आहे, बहुतेक वेळा टकटक आवाजही येतो. एक गरम आणि दुसरा कोमट असेल तर हीटर कोअर बुजलाय. तो आधी उलट्या बाजूने धुऊन बघायला सांगा, थेट बदलायला देऊ नका, कारण त्यासाठी अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

पंखा फक्त सगळ्यात मोठ्या वेगावर चालत असेल तर पंख्याचा वेग कमी करणारा ब्लोअर रेझिस्टर गेलाय, काम किरकोळ आहे.

गोडसर वास, समोरच्या काचेवर आतून तेलकट धूसर थर आणि शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला, ही हीटर कोअर गळत असल्याची लक्षणं. काच नुसतीच धुरकट होत असेल तर आधी रिसर्क्युलेशनचं, म्हणजे गाडीतलीच हवा फिरवत ठेवणारं बटण बघा. मुंबई-पुण्यात एसीसाठी आपण ते सतत दाबून ठेवतो. इथे ते बंद ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या.

काटा लाल रंगाकडे चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. काटा वर असताना हीटरमधून गार हवा यायला लागली, तर कुलंट संपलंय, अजून एक किलोमीटरसुद्धा जाऊ नका. "घर जवळच आहे" म्हणत शहरातल्या व्हाइटमड रस्त्यावरून तसंच पुढे गेल्यामुळे इंजिनाचं हेड (ब्लॉकवरचा भाग) वाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आणि गरम झाकण उघडू नका. फडकं धरूनही नाही. आत दाब असतो, उकळतं कुलंट तोंडावर येतं. वरचा जाड होज हाताला गार लागेपर्यंत थांबा.

गाडी गरम होते, सायलेन्सरमधून पांढरा गोड वासाचा धूर थांबतच नाही आणि कुलंट कुठेही न गळता कमी होतं, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, तपासून घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर दिसला म्हणून मात्र लगेच घाबरू नका. कडाक्याच्या थंडीत रोज जेमतेम पाच-दहा मिनिटं चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या वाफेनेही साठतो.

ग्रिलमधून लोंबणारी वायर ब्लॉक हीटरची, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणाऱ्या हीटरची. उणे पंधराच्या खाली गेलं की निघण्याआधी तीन-चार तास प्लगला लावा, बाहेर वापरायचा टायमर घेतलात तर वीजही वाचते. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही सुरू ठेवू नका, विषारी वायूने माणसं मरतात. हायवे दोनवरून कॅलगरीला जाताना गाडी गरम आहे म्हणून मुलांना पातळ स्वेटरवर नेऊ नका. जॅकेट, टोप्या, बूट आणि एक जाड ब्लँकेट गाडीतच हवं.

काढलेलं कुलंट गटारात किंवा बर्फावर ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री चाटतात, लहान मुलंही तोंडात घालू शकतात. झाकणाच्या डब्यात भरून शहराच्या इको स्टेशनवर (घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर) नेऊन द्या, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात आत काय आहे ते लिहा.