अश्वारूढ पुतळ्यापासून अ‍ॅक्शन फिगरपर्यंत: लहान मूर्तींच्या फोटोत प्रकाश आणि फोकस

लहान पुतळ्याचा फोटो धूसर आला की आधी तो धूसरपणा कोणत्या जातीचा ते ओळखा. उदाहरणाला शिवाजी महाराजांचा ३० सेंटिमीटर उंचीचा, ब्राँझ रंगाचा, रेझिनचा अश्वारूढ पुतळा घेऊ. फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून पाहा. चौथऱ्याच्या कडेसकट सगळं एकाच दिशेला ओढलेलं दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. घोड्याची नाकपुडी लख्ख आणि महाराजांचा चेहरा मऊ असेल, तर फोकस भलत्या जागी बसला किंवा त्याची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, अपुरी पडली. आणि कुठेच धार नसेल, आयाळीचे केस एकमेकांत मिसळून गेले असतील, तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) चढला आहे आणि त्यामुळे आलेले दाणे पुसता पुसता फोनने तपशीलही पुसून टाकला आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या दोषाचं मूळ कमी प्रकाशात आहे. दुसरा सुधारायचा तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, बारीक करावं लागतं, म्हणजे तिथेही प्रकाशच खर्ची पडतो. म्हणून सुरुवात दिव्यांपासून.

खोलीतली ट्यूबलाइट आधी बंद करा. वरून येणाऱ्या प्रकाशात जिरेटोपाची सावली थेट डोळ्यांवर पडते. शिवाय ट्यूब पांढरी आणि टेबल लॅम्प पिवळा असला तर पुतळ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात; तो फरक नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये नीट निघत नाही. मानेचा टेबल लॅम्प आणि त्यात ९ ते १२ वॅटचा एलईडी बल्ब एवढ्यावर काम होतं. बल्ब ५००० ते ६५०० केल्विनचा (म्हणजे पांढऱ्या प्रकाशाचा) घ्या आणि खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला शोधा. साधे बल्ब ८० च्या आसपास असतात. त्यांत लाल आणि भगवा रंग मळकट येतो, रंगवलेल्या फिगरची त्वचा आजारी दिसते.

उघडा बल्ब पुतळ्यावर रोखू नका. लॅम्प आणि पुतळा यांच्या मधे ए२ आकाराचा ट्रेसिंग पेपर उभा धरा. पुतळ्यापासून कागद २५ ते ३० सेंटिमीटरवर, कागदामागे लॅम्प तेवढ्याच अंतरावर. पुतळ्याच्या जागेवरून पाहिलं तर उजळलेला कागद किती मोठा दिसतो, यावर सावल्यांच्या कडा मऊ होणार की कडक हे ठरतं. लॅम्प कागदाला चिकटवला तर मधोमध एक पांढरा ठिपका तेवढा पेटतो आणि कागद असून नसल्यासारखा होतो. कागद-दिवा दोन्ही दुप्पट लांब नेले तर प्रकाश जवळपास चौथाईवर येतो आणि सावल्याही कडक होतात. ‘लांबून मऊ पडेल’ हा समज नेमका उलटा आहे. हॅलोजन बल्ब मात्र कागदामागे लावू नका: कागद पेटू शकतो आणि जवळ ठेवलेली पीव्हीसीची फिगर वाकते.

दिव्याची जागा: कॅमेऱ्यापासून साधारण ४५ अंश बाजूला, पुतळ्याच्या डोक्याहून थोडी वर. महाराजांचा चेहरा ज्या बाजूला वळला आहे, त्याच बाजूने प्रकाश द्या. विरुद्ध बाजूने दिला तर घोड्याच्या मानेची सावली छातीवर पडते. मग लॅम्प हळूहळू खाली आणा. दोन्ही डोळ्यांत बारीक चमक दिसली की थांबा. दुसऱ्या बाजूला १५ ते २० सेंटिमीटरवर थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, म्हणजे सावलीतलं खोगीर आणि अंगरख्याच्या चुण्या दिसू लागतील. तो फार जवळ आणला तर पुतळा सपाट होतो. गडद रंगाच्या मूर्तीला उठाव सावलीतूनच मिळतो, त्यामुळे सगळंच उजळण्याच्या नादी लागू नये.

गडद पार्श्वभूमीवर गडद घोडा हरवत असेल, तर मागून, बाजूला जरा वर, एक छोटी टॉर्च लावा. आयाळीवर आणि पाठीवर प्रकाशाची रेघ येते. या टॉर्चचा प्रकाश थेट लेन्सवर आला तर अख्खा फोटो दुधाळ होतो. मधे काळ्या कार्डाचा तुकडा आडवा धरा.

स्वस्त एलईडीत आणखी एक खोड असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर वेगवान असलं, म्हणजे प्रकाश फार थोडा वेळ आत घेतला, की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. शटर १/५०, १/१०० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवलं की ते जातात.

खिडकीचा प्रकाश फुकट आणि उत्तम. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, असं छायाचित्रणाच्या परदेशी मार्गदर्शनात हमखास सांगतात, पण ते तिकडचं. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा उन्हाची तिरीप आलीच तर खिडकीला पांढरं मलमल लावा.

पितळी मूर्तीची गोष्ट वेगळी. घासलेलं पितळ म्हणजे आरसा. त्यावर दिसतो तो प्रकाश नव्हे, तर दिव्याचं, खोलीचं आणि तुमच्या शर्टाचं प्रतिबिंब. तिथे ट्रेसिंग पेपर मोठा लागतो आणि मूर्तीच्या आणखी जवळ लागतो, म्हणजे गणपतीच्या पोटावर ठिपक्याऐवजी एकसंध पांढरी झळाळी येते. मग कडा दाखवण्यासाठी दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या करा. त्यांचं प्रतिबिंब कडेला काळी रेघ काढतं आणि गोलाई दिसते. फोटो काढताना गडद कपडे घाला. पोलरायझर फिल्टरवर (लेन्सवर लावायची, चमक कापणारी काच) इथे पैसे घालवू नका, धातूवरची चमक तो कापत नाही. वार्निश केलेलं रेझिन, चकचकीत प्लास्टिक किंवा काच असेल तर उपयोग होतो, तोही पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या कोनातून पाहिल्यास. बदल्यात एक-दीड स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश). पितांबरीने घासलेली मूर्ती नीट धुऊन, खाचांतली पांढरी पूड ब्रशने काढून मगच ठेवा. डोळ्याला न दिसणारी ती पूड फोटोत चुन्यासारखी उठून दिसते. जुन्या मूर्तीवर काळाने चढलेला गडद रंग मात्र घासून घालवू नका.

आता फोकस. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करा. शटर पाव सेकंदाचं झालं तरी बिघडत नाही, पुतळा कुठे हलतोय! फक्त पंखा बंद असू द्या, तो टेबल आणि ट्रेसिंग पेपर दोन्ही हलवतो. ऑटोफोकस सर्वांत जवळच्या टोकाला, म्हणजे नाकपुडीला किंवा तलवारीला धरतो. मॅन्युअल फोकसवर जा, स्क्रीनवरचं चित्र दहापट मोठं करा आणि कॅमेऱ्याला जवळच्या डोळ्यावर फोकस बसवा.

फोकसची खोली किती मिळते याचा अंदाज हवा. एपीएस-सी सेन्सर (बऱ्याच डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत असतो तो मध्यम आकाराचा), उभी फ्रेम, अ‍ॅपर्चर एफ/८ असं धरू; एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं छिद्र बारीक. फ्रेमची उंची ३६ सेंटिमीटर असेल तर साधारण साडेसात सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. १५ सेंटिमीटरच्या फिगरसाठी फ्रेम २० सेंटिमीटरची केली की अडीच सेंटिमीटर. नुसता चेहरा, ५ सेंटिमीटरची फ्रेम: जेमतेम २ मिलिमीटर. नाकावर फोकस केला तर डोळे गेलेच. एफ/१६ ला खोली दुप्पट होते खरी, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, सगळ्याच फोटोची धार थोडी बोथट होते. एफ/११ च्या पुढे गरज असेल तरच जा.

त्याआधी पुतळाच फिरवून पाहा. २५ सेंटिमीटर लांबीचा घोडा तीन-चतुर्थांश कोनात, म्हणजे कॅमेऱ्याशी साधारण ४५ अंश तिरका, ठेवला तर तोंडापासून शेपटीपर्यंतचं अंतर कॅमेऱ्याच्या दिशेने १८ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. जवळजवळ बाजूने, २० अंशच वळवून ठेवला तर साडेआठ. एवढ्यावर एफ/११ पुरतो. कॅमेरा महाराजांच्या छातीच्या उंचीवर ठेवा. वरून काढलेला पुतळा खेळणं वाटतो.

तीन-चतुर्थांश कोनच हवा असेल तर फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो जुळवून एक करणं. एफ/५.६ किंवा एफ/८, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) मॅन्युअलवर बांधलेले. पहिला फोटो नाकपुडीवर, मग फोकसची रिंग थोडी थोडी फिरवत शेपटीपर्यंत सहा ते आठ फोटो, प्रत्येकाचा स्पष्ट भाग आधीच्यावर तिसरा हिस्सा तरी चढलेला. मधे एक टप्पा सुटला तर घोड्याच्या अंगावर धूसर पट्टा राहतो. फोकस सरकताना चित्राचा आकारही किंचित बदलतो, म्हणून चारही बाजूंना मोकळी जागा सोडा. जुळवणी हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपमध्ये होते. फोटोशॉपमध्ये थर आधी ऑटो-अलाइन, मग ऑटो-ब्लेंड. तलवार छातीच्या पुढे आली असेल तिथे तिच्या कडेला धुरकट वलय राहतं. ते हाताने, मूळ फोटोतून तुकडा घेऊनच पुसावं लागतं.

फोनवाल्यांनी जवळ जाण्याचा मोह टाळावा. जवळ गेलं की फोन गुपचूप अल्ट्रावाइड, म्हणजे फार रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सवर उडी मारतो आणि घोड्याचं तोंड फुगतं. ४० ते ५० सेंटिमीटर मागे या, २एक्स किंवा ३एक्स निवडा. टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स खरंच चालू आहे का, ते तिच्यावर बोट ठेवून तपासा. चित्र काळं झालं नाही तर फोन मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतोय. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर बांधले जातात. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद. तो लगाम आणि तलवारीचं टोक पार्श्वभूमीबरोबर खाऊन टाकतो.

पार्श्वभूमीला २२ × २८ इंचाची कार्डशीट भिंतीपासून टेबलावर वळवून लावा, घडी पाडू नका. पांढऱ्या शीटवर कॅमेरा फोटो काळवंडवतो, एक्स्पोजर +१ करा, काळ्यावर –१.

पुतळा काचेच्या कपाटातून काढता येत नसेल तर कॅमेऱ्यामागचे सगळे दिवे बंद करा, लेन्सचा रबरी हूड (लेन्सच्या पुढे बसणारं रबरी कडं) काचेला टेकवा आणि दिवा कपाटाच्या बाजूच्या किंवा वरच्या काचेतून आत सोडा.