ग्राहकाने तुमच्याकडूनच का घ्यावे?

‘उत्तम दर्जा, वाजवी दर’ हे वाक्य हापूसच्या बहुतेक पेट्यांवर शोभेल, म्हणूनच ते कोणाच्याच उपयोगाचे नाही. आपल्या वाक्यात प्रतिस्पर्ध्याचे नाव घालून पाहावे. तरीही ते खरे ठरत असेल, तर खुशाल खोडावे.

नवे वाक्य ग्राहकाच्या धास्तीतून शोधावे. पेटी घेणाऱ्याला दोन शंका असतात: देवगडच्या नावाखाली परराज्यातला आंबा तर मिळत नाही ना, आणि वरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत साका, म्हणजे गराचा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, तर निघणार नाही ना. त्यामुळे ‘देवगडच्या आमच्याच बागेतला, अढीत पिकवलेला हापूस, साका निघाल्यास त्या फळाचे पैसे परत’ असे लिहिणारा बागायतदार उजवा ठरतो, कारण जोखीम तो स्वतःच्या अंगावर घेतो. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी कायदेशीर ओळख, मिळाले असल्याने, त्याखाली आपली नोंदणी असेल तर तिचा क्रमांकही पेटीवर छापावा. ‘कार्बाइडमुक्त’ या शब्दाची मात्र फुशारकी नको, कारण कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्यानेच बंदी आहे. पैसे परत करण्याचा खर्च मात्र हंगामापूर्वीच दरात धरावा.