अमेरिकन केस्ट्रेलसाठी पेटी: मापं, जागा आणि देखभाल

केस्ट्रेल हा ससाणा स्वतः घरटं बांधत नाही आणि त्याला झाडात ढोलीही कोरता येत नाही. फ्लिकरसारख्या सुतार पक्ष्यांनी सोडून दिलेली ढोली शोधायची आणि तिच्यातच अंडी घालायची, अशी त्याची रीत. वठलेली झाडं तोडली गेली की ढोल्याही जातात. उत्तर अमेरिकेतल्या या सर्वांत लहान ससाण्याची संख्या १९६६ पासून साधारण निम्म्यावर आली आहे. न्यू जर्सीत तर २०१२ पासून त्याची नोंद संकटग्रस्तांत आहे. त्या भागात ज्यांच्याकडे शेत किंवा मोठं मोकळं कुरण आहे, अशा मराठी मंडळींना त्याच्यासाठी घरट्याची पेटी लावण्याचं काम सहज करता येईल. आपल्याकडे हिवाळ्यात माळावर एका जागी पंख फडफडवत थांबणारी खरुची याच कुळातली.

आधी जागा बघा, पेटीचं नंतर. केस्ट्रेलला आखूड गवताचा मोकळा पट्टा लागतो, कारण नाकतोडे, उंदीर, सरडे त्याला वरून दिसायला हवेत. चराऊ कुरण किंवा गवत कापलं जाणारं शेत उत्तम. जवळ तार, खांब किंवा एखादं सुकं झाड असलं तर टेहळणीला बरं. दाट झाडीच्या कडेला पेटी लावू नये. वाहता हमरस्ताही टाळावा: सततच्या वर्दळीने पक्षी अंडी सोडून जाण्याचा धोका वाढतो. आणि ज्या शेतात उंदरांचं विष टाकतात तिथे पेटी लावूच नका. विष खाल्लेला उंदीर सुस्तावतो, सहज पकडला जातो आणि ते विष पिल्लांपर्यंत पोचतं.

पेटीसाठी पाऊण इंच जाडीची, रंग किंवा रसायन न लावलेली पाइनची वा सीडरची फळी घ्या. आतला तळ ८ × ८ इंच, आतली उंची १४-१५ इंच, दार ३ इंच व्यासाचं गोल. दाराची खालची कड तळापासून ९ ते १२ इंचांवर हवी. ती खाली आली तर रॅकून या झाडावर चढणाऱ्या प्राण्याचा हात थेट पिल्लांपर्यंत जातो. दाराखाली आतल्या बाजूने करवतीने आडव्या खाचा पाडा, नाहीतर गुळगुळीत फळीवर पिल्लांना चढता येत नाही. तळाच्या चारही कोपऱ्यांत पाणी जायला भोकं, छपराखाली हवेला भोकं, छप्पर उतरतं आणि पुढे दोन-तीन इंच आलेलं. एक बाजू बिजागरीवर उघडणारी ठेवा आणि स्क्रूने बंद करा.

तळाशी रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या ढलप्यांचा २-३ इंचांचा थर हवाच. मादी त्यात खळगा करून अंडी घालते. थर नसला तर अंडी घरंगळतात आणि थंडही पडतात. बारीक भुसा मात्र नको, तो ओल धरून ठेवतो. ढलप्याही सीडरच्या नकोत.

पेटी खांबावर १० ते २० फूट उंच, दार पूर्वेला किंवा दक्षिणेला. झाडापेक्षा खांब बरा, कारण खांबावर पेटीखाली गुळगुळीत पत्र्याचं तीनेक फुटी नळकांडं बसवून रॅकून, मांजर आणि साप अडवता येतात. दोन पेट्यांत निदान ८०० मीटर अंतर ठेवा. फेब्रुवारीअखेर पेटी तयार हवी. सहसा नर आधी येतो, जागा धरतो आणि मग मादीला ढोल्या दाखवतो.

खरी डोकेदुखी युरोपियन स्टार्लिंगची. आपल्या भोरडीचा हा नातेवाईक १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडला गेला आणि देशभर पसरला. पेटीत गवत-काड्या भरलेल्या दिसल्या तर केस्ट्रेल नाही, स्टार्लिंग आहे. त्याची अंडी फिकट निळी, ठिपक्यांविना. केस्ट्रेलची पांढरट, त्यांवर तांबूस-तपकिरी शिंतोडे. स्टार्लिंगला केंद्रीय पक्षी-कायद्याचं संरक्षण नाही, त्यामुळे त्याचं घरटं काढता येतं. पण तो चिकाटीने पुन्हा बांधतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये दर आठवड्याला बघावं लागतं. हे जमणार नसेल तर पेटी लावू नये. ती फक्त स्टार्लिंग वाढवते.

केस्ट्रेल बसले की उलट वागायचं. मादी बहुधा ४-५ अंडी घालते आणि उबवण साधारण ३० दिवस चालते. अंडी घालताना आणि उबवणीच्या सुरुवातीला पेटी उघडू नका; लांब काठीवरचा छोटा कॅमेरा दारातून आत घालून क्षणभर बघणं पुरे. पावसात, कडाक्याच्या थंडीत तेही नको. अंडी-पिल्लं हातात घ्यायला किंवा पिल्लांच्या पायात ओळखीचं वळं घालायला परवाना लागतो. दोन आठवड्यांच्या पिल्लांत नर-मादी पंखांवरून कळतात: नराचे निळसर राखाडी, मादीचे तांबूस पट्टेदार. पिल्लं भिंतींवर शिटतात, पेटीला उग्र वास येतो. ते नेहमीचंच, मध्येच साफ करायला जाऊ नका. पिल्लं २५ दिवसांची झाली की पेटीला हात लावायचा नाही, घाबरून ती वेळेआधी बाहेर उडी मारतात. साधारण महिन्याची झाली की आपणच निघतात आणि पुढे आणखी दोनेक आठवडे आईबाप भरवतात.

उत्तरेकडचे पक्षी शरद ऋतूत दक्षिणेला जातात. हिवाळ्यात जुन्या ढलप्या काढून पेटी खरवडा, नव्या भरा, स्क्रू आणि पत्रा तपासा. दोन-तीन वसंत पेटी रिकामी राहिली तर पेटीत बदल करत बसू नका. खांबच दुसऱ्या, अधिक मोकळ्या कुरणात हलवा.