"फुटाला किती?" घराच्या प्लॅनची फी सांगताना या चुका टाळा

"काय ओ साहेब, फुटाला किती घेता?" जुळे सोलापुरातला नवा प्लॉट असो की पेठेतलं जुनं घर पाडून बांधायचं असो, पहिला फोन याच प्रश्नाने सुरू होतो. घरून प्लॅन काढून देणारे आपण लगेच एक आकडा सांगून मोकळे होतो. सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

फुटाचा दर विचारू द्या, पण फी फुटावर ठरवू नका. प्लॅनचं काम क्षेत्रफळाबरोबर वाढत नाही. लेआऊटमधला 30 बाय 40 चा सरळ प्लॉट, तिन्ही-चारी बाजूंनी मोकळा, रस्ता पुढे. त्यावर 1200 फुटांचं घर बसवायला फार डोकं लागत नाही. उलट पेठेतला 500 फुटांचा तुकडा घ्या. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, उजेड फक्त पुढून आणि मागून, त्यात जिना, मोरी आणि तीन खोल्या. अशा एका कामाला माझे 44 तास गेले होते. फुटाला 10 रुपये सांगितल्यामुळे हातात आले 5000. म्हणजे तासाला 114 रुपयेसुद्धा पडले नाहीत.

हिशेब तासांवरून करा. समजा घरखर्चाला महिन्याला 30,000 लागतात आणि वीज, इंटरनेट, प्रिंट, पेट्रोल, कॉम्प्युटरची झीज मिळून 6000. एकूण 36,000. महिन्यात 200 तास खुर्चीत बसत असाल, तरी गिऱ्हाइकाच्या नावावर लावता येतील असे तास 120 च्या आसपास धरा. बाकीचे फोन, चौकशा आणि न मिळालेल्या कामांत जातात. 36,000 भागिले 120 म्हणजे तासाला 300. आता साध्या घराचं काम मांडू: जागेची मोजणी 4 तास, कच्चे दोन पर्याय 8, पक्का प्लॅन 8, एलेव्हेशन (घर समोरून कसं दिसेल) आणि सेक्शन (घराचा उभा छेद) 8, सेंटर लाइन (पाया आखायला भिंती-कॉलमच्या मध्यरेषा) 4, दारं-खिडक्यांचं शेड्युल 2, दोन वेळचे बदल 6. झाले 40 तास, म्हणजे 12,000 रुपये. 1200 फुटांना भागलं तर फुटाला 10 पडतात. गिऱ्हाइकाला फुटाचाच आकडा हवा असेल तर हा 10 शेवटी सांगा. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण क्रम उलटा करू नका.

जागा न बघता आकडा सांगणे

फोनवर "30 बाय 40" ऐकलं म्हणून प्लॉट तसाच असतो असं नाही. टेप घेऊन चार बाजू मोजता तेव्हा दोन्ही कर्णही मोजा. 30 बाय 40 चा कोपरा काटकोनात असेल तर कर्ण बरोबर 50 फूट येतो. एक कर्ण 50 फूट 9 इंच आणि दुसरा 49 फूट 3 इंच आला, की प्लॉट तिरका आहे. प्रत्येक खोलीची भिंत कुठे तिरपी धरायची आणि कुठे काटकोनात, हे ठरवण्यात तुमचा एक दिवस जाणार. हा दिवस फीमध्ये धरायला हवा.

त्याच वेळी कागद बघा. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा, बाहेरच्या भागात सातबारा, एनए (बिगरशेती) आणि लेआऊट मंजूर आहे का, की गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय तुकडे पाडलेला) प्लॉट आहे. हौदाचं पण तेव्हाच विचारा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे जमिनीखालचा हौद प्रत्येकाला हवाच असतो. पण तो आठवतो प्लॅन पक्का झाल्यावर. मग पोर्च, जिना, ड्रेनेज सगळं हलतं.

"मंजुरीसकट किती?" याला एकच आकडा सांगणे

प्लॅन काढणं आणि मंजूर करून घेणं ही वेगळी कामं आहेत. महानगरपालिकेत प्रस्तावावर सही नोंदणीकृत आर्किटेक्टची किंवा परवानाधारक इंजिनिअरची लागते. त्यांची फी वेगळी, पालिकेचं विकास शुल्क वेगळं, स्टीलचं डिझाइन करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वेगळी. हे सगळं पोटात घेऊन एक गोळा आकडा सांगितलात, की शुल्क वाढलं तर ते तुमच्या खिशातून जातं. मंजुरीचा नकाशा 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे मार्जिन (भोवती सोडायची मोकळी जागा), एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं) दाखवून वेगळा काढावा लागतो, त्याचे तास वेगळे लावा. आणि कार्डावर "आर्किटेक्ट" छापू नका. 1972 च्या आर्किटेक्ट कायद्याने ती पदवी फक्त आर्किटेक्चर कौन्सिलकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येते. ड्राफ्ट्समन म्हणवून घेण्यात काही कमी नाही.

बदल न मोजणे

प्लॅन पसंत पडतो, आठ दिवसांनी मेहुणे तो कुणा वास्तूवाल्याला दाखवून आणतात आणि स्वयंपाकघर आग्नेयेला सरकतं. जिना फिरतो, संडास फिरतो, काम पुन्हा पहिल्यापासून. यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या माणसाला धाकधूक असणारच. म्हणून कच्चा प्लॅन हातात देतानाच सांगा, "वास्तूवाल्यांना, घरातल्या मोठ्यांना आत्ताच दाखवून घ्या. दोन वेळचे बदल फीमध्ये आहेत, पुढच्या प्रत्येक बदलाला इतके." थ्रीडी एलेव्हेशनही असंच. मोबाइलवर फोटो दाखवून "असं करा" म्हणतात, पण ते फीच्या बाहेरचं काम आहे हे आधी कळलेलं बरं.

पैशाआधी कच्चा प्लॅन व्हॉट्सअॅपवर पाठवणे

हे माझ्याकडून घडलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. होटगी रोडच्या एका कामाचा कच्चा प्लॅन "घरच्यांना दाखवायला" म्हणून पाठवला. चौथ्या दिवशी साइटवर गेलो तर मिस्त्रीने फक्कीने आखणी केलेली, दोन खड्डे खणलेले, आणि त्याच्या फोनवर माझाच प्लॅन. मी मापं आतल्या मोकळ्या जागेची टाकली होती, त्याने ती भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरली. सहा इंची भिंती, म्हणजे 4 फुटांचा संडास साडेतीन फुटांचा होणार होता. खड्डे बुजवून पुन्हा आखलं. राहिलेले पैसे मागायला मला तोंडच उरलं नाही.

तेव्हापासून कच्च्या प्लॅनवर मापं टाकत नाही आणि आडवं मोठ्या अक्षरात "बांधकामासाठी नाही" लिहितो. कामाला हात लावताना 40 टक्के, प्लॅन पक्का झाल्यावर 40 आणि शेवटची ड्रॉइंग देताना 20. ऑटोकॅडची मूळ फाइल शेवटच्या हप्त्यानंतर, तीही ठरलं असेल तरच.

नात्यातल्या माणसाला सूट द्यायची तर द्या, पण पूर्ण फी लिहून खाली सूट दाखवा. नाहीतर त्याने सांगितलेला आकडाच पुढच्या चौघांना तुमचा दर वाटतो.

आधीच कमी सांगून बसला असाल तर

काम अर्धवट सोडू नका आणि मध्येच दर वाढवू नका. ठरलेली ड्रॉइंग कुठली, हे आजच लिहून पाठवा. मी असा मेसेज करतो: "दादा, आपलं 6000 मध्ये ग्राउंड फ्लोअरचा प्लॅन, एक एलेव्हेशन आणि सेंटर लाइन ठरलंय. बदल दोन वेळा झालेत. आता जिना फिरवायचा तर 1500 वेगळे होतील. हो म्हणालात की उद्या संध्याकाळपर्यंत देतो." बहुतेक लोक एवढं स्पष्ट विचारल्यावर हो म्हणतात, नाहीतर जिना आहे तिथेच ठेवतात.