नेटिव्ह, लोकल की इंडिजिनस? शब्द निवडायचा कसा

दिंडोरीच्या एका बागायतदार मित्राने द्राक्षाच्या खोक्यावर छापायचा मजकूर दाखवला. ‘नेटिव्ह ग्रेप्स ऑफ नाशिक’. आत माल थॉम्सन सीडलेसचा! बाग नाशिकची खरी, पण वाण बाहेरून आलेला.

हा घोळ टाळायचा तर आधी ठरवा, मूळ सांगायचंय की नुसतं ठिकाण? इथे पिकतं, इथे मिळतं, एवढंच म्हणायचं असेल तर ‘लोकल’ लिहा आणि मोकळे व्हा.

मूळ सांगायचं असेल तर पुढचा प्रश्न : एकाचा जन्म, की जमिनीशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं? ‘नेटिव्ह’ लॅटिनमधल्या ‘जन्मणे’वरून आला. पंचवटीत जन्मून पुण्यात नोकरी करणारा नाशिकचा नेटिव्हच. मात्र लोकांना नुसतं ‘नेटिव्हज’ म्हणू नका, त्याला गोऱ्या साहेबाचा वास येतो. बाहेरचे येण्याआधीपासून तिथे नांदणाऱ्या समाजांसाठी ‘इंडिजिनस’. 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या इंग्रजी नावात हाच शब्द आहे. त्याचा ‘इंडिया’शी काही संबंध नाही, बरं का, मुळात अर्थ ‘आत जन्मलेला’.

वस्तूंच्या बाबतीत आपली इंग्रजी वर्तमानपत्रं ‘इंडिजिनस’ म्हणजे स्वदेशी असं धरतात. उदाहरण नाशिकजवळच्या ओझरलाच आहे. एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात सुखोई-30 लढाऊ विमान बांधलं गेलं, पण आराखडा रशियाचा. म्हणून ते फार तर ‘लोकली मेड’. तेजसचा आराखडा इथला, म्हणून ते इंडिजिनस. (इंजिन अमेरिकन आहे, पण तो वाद वेगळा.)

झाडं-प्राण्यांसाठी आणखी एक चाळणी लावा : दुसरीकडे निसर्गात सापडतं का? नसेल तर ‘एन्डेमिक’. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या नावाची खर्चुडी ही वनस्पती, सेरोपेजिया अंजनेरिका, अशीच. 2006 मध्ये नवी जात म्हणून नोंदलेली. वड आपल्याकडचा नेटिव्ह, पण एन्डेमिक म्हणावा इतका एका जागेला बांधलेला नाही. मलेरियाला एन्डेमिक म्हणतात तेव्हा अर्थ निराळा : ठाण मांडून बसलेला.

सरकारी फॉर्मवर मात्र व्युत्पत्ती विसरा. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरहून येऊन नाशिकच्या सिडकोत 15 वर्षं राहिलेल्याला महाराष्ट्राचं डोमिसाइल मागता येतं. ‘नेटिव्ह प्लेस’च्या रकान्यात तो बुऱ्हाणपूरच लिहील. आणि मुलाखतीत ‘आय बिलाँग टू नाशिक’ नको, ‘आय ॲम फ्रॉम नाशिक’ म्हणा.

मित्राने शेवटी खोक्यावर ‘ग्रोन इन नाशिक’ छापलं.