नफ्याच्या आधी रोख बघा

टेक कंपनीचा निकाल आला की बहुतेक जण विक्री किती वाढली आणि नफा किती झाला, एवढंच पाहतात. त्याच अहवालात रोख प्रवाहाचं पत्रक असतं, ते आधी उघडा. २००२ साली ॲमेझॉनला १४.९ कोटी डॉलरचा निव्वळ तोटा झाला होता, पण कामकाजातून १७.४ कोटी डॉलर रोख आत आली होती. घसाऱ्यासारखे (यंत्रं, इमारती जुन्या होताना त्यांच्या किमतीत धरलेली घट) खर्च हिशोबात दिसतात, खिशातून जात नाहीत. शिवाय ग्राहक लगेच पैसे देतो आणि पुरवठादाराला ते नंतर द्यायचे असतात. पूर्ण वर्षाचा पहिला नफा उगवला तो २००३ मध्ये.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा: नफा झकास, रोख गायब. अशा वेळी येणी, म्हणजे ग्राहकांकडून अजून यायचे पैसे, तपासा. विक्री २० टक्के वाढली आणि येणी ५० टक्के, तर वसुली कुठेतरी अडली आहे, असं मी तरी धरतो.

एक मेख मात्र आहे. कर्मचाऱ्यांना पगाराचा भाग म्हणून शेअर दिले की रोख जात नाही, त्यामुळे प्रवाह फुगलेला दिसतो. किंमत जुने भागधारक मोजतात, कारण त्यांचा हिस्सा आकसतो. म्हणून एकूण शेअरांची संख्या मागच्या तीन-चार वर्षांशी ताडून बघा. ‘समायोजित नफा’ या गोंडस नावाखाली हा खर्च बरेचदा वगळलेला असतो.