कॉलेजच्या छतावर सोलर बसवताय? या चुका टाळा

पहिली चूक कोटेशनच्या पहिल्या पानावरच होते. ‘अनुदान वजा जाता’ असा आकडा असतो आणि ट्रस्टी तोच धरून बसतात. केंद्राचं रूफटॉप अनुदान २०१९च्या दुसऱ्या टप्प्यापासून निवासी ग्राहकांपुरतंच आहे. पीएम सूर्यघरचे ७८,००० रुपयेही घरांसाठीच. कॉलेजला यातलं काही लागू नाही. ४० टक्के घसाऱ्याचं (यंत्राच्या किमतीचा भाग दरवर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत) गाजरही दाखवलं जातं, पण ट्रस्टचं उत्पन्नच करमुक्त असेल तर तो घसारा कशातून वजा करणार? दुसरी एखादी योजना खरोखर लागू असली, तरी पैसे साधारण प्रकल्प सुरू झाल्यावर येतात. तोवरचं व्याज हिशेबात धरा.

पुण्यात १ किलोवॅटमागे वर्षाला सरासरी १,४०० युनिटच्या आसपास वीज मिळते. कोणी १,८०० लिहिलं असेल तर कागद परत करा.

सगळ्यात महागात पडते ती पॉवर फॅक्टरची चूक. उच्चदाब जोडणीला बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी वीज (किलोवॅट) आणि मोटरसारख्या उपकरणांत नुसती ये-जा करणारी वीज (केव्हीएआर) यांच्या एकत्रित मापावर (केव्हीए). किलोवॅट भागिले केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर. समजा, दुपारी लोड १०० किलोवॅट आणि ४८ केव्हीएआर आहे, म्हणजे साधारण १११ केव्हीए. सोलरने ७० किलोवॅट दिले. आता महावितरणकडून ३० किलोवॅटच घेताय, पण ४८ केव्हीएआर तसेच राहिले. दोन्ही मिळून (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) ५७ केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.५३. सोलरने दिले ७०, मीटरवर कमी झाले ५४! मग वेंडरला फोन जातो, ‘पॅनल कमी चालतायत’. पॅनल ठणठणीत असतात. कपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या एपीएफसी पॅनलचा सीटी (करंट मोजणारा सेन्सर) महावितरणकडून येणाऱ्या मुख्य केबलवर, म्हणजे मेन इनकमरवर आहे ना, त्याचा रिले (नियंत्रक) उलट दिशेची वीज नीट वाचतो ना आणि कपॅसिटरच्या पायऱ्या पुरेशा लहान आहेत ना, हे बघा. हे काम सोलरच्या ऑर्डरमध्येच घाला. नंतर ते कोणाचंच नसतं.

जूनमध्ये ठरलेली तक्रार येते: सकाळी इन्व्हर्टरवर ‘आयसो फॉल्ट’ (वायरिंगमधून जमिनीकडे वीज गळतेय, असा इशारा), ऊन तापलं की तो आपोआप जातो. कुठेतरी ओल आहे. बहुतेकदा पॅनलच्या केबल जोडणारे एमसी-फोर कनेक्टर स्लॅबवर पाण्यात पडलेले असतात, नाहीतर दोन वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसवलेले. तंत्रज्ञाने आधी एसी, मग डीसी आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करावा, नंतर एकेक स्ट्रिंग (पॅनलची एक माळ) सोडून मेगरने (इन्सुलेशन मोजणारं यंत्र) तपासावी. हे फॉल्ट दिसत असताना, सकाळीच करायचं. दुपारी काही सापडत नाही. चालू करंटमध्ये कनेक्टर ओढू नये, आर्क (विजेची ठिणगी) होतो. केबल स्लॅबपासून वर, ट्रेमध्ये बांधा.

छताचंही बघा. जुन्या इमारतींवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) असतो. त्यात अँकर ठोकले की पुढच्या पावसात खालच्या वर्गात बादल्या लागतात. त्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे वापरा, पण वजन आणि पुण्याचा ३९ मीटर प्रतिसेकंद हा मूलभूत वाऱ्याचा वेग धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. धुण्यासाठी बोअरचं जड पाणी नको, काचेवर पांढरा थर बसतो.

वीज गेली की ग्रिडवरचा इन्व्हर्टरही बंद पडतो. जनरेटरबरोबर चालवायचा असेल तर उलट वीज अडवणारा कंट्रोलर हवा, नाहीतर कमी लोडवर जनरेटर खराब होतो.

हिशेब मे महिन्यावर करू नका. तेव्हा ऊन भरपूर, कॉलेजला सुट्टी आणि वीज ग्रिडवर. ग्रिडला दिलेले जमा युनिट ३१ मार्चला सेटल होतात आणि उरलेल्यांना तुमच्या दराइतका भाव मिळत नाही. म्हणून क्षमता चालू सत्रातल्या दुपारच्या लोडवरून ठरवा.